उजवा हात भरितात, डावा अक्षरांत

भरिताची पार्टी म्हटली की कुणीतरी फर्मावणारच, "भाऊ, भरितावर एक अभंग होऊन जाऊ द्या!" उजवा हात तेव्हा भरितात आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीत गुंतलेला. मोजायला उरतो डावा. चार बोटांची तीन-तीन पेरं, एकूण 12. त्यांवर अंगठा फिरवत बसायचं.

मोठ्या अभंगाला अक्षरं लागतात 22. चरण 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. घ्या, बामणोद गावच्या वांग्यांवर:

वांगे बामणोदी । काड्यांवर भाजा ।
मिरची हो ताजा । खावे मग ॥

'ड्यां' कितीही जाडजूड दिसलं तरी अक्षर एकच. 'हो' ही हाक कुणाला? कुणालाच नाही, पाचच अक्षरं भरत होती. आणि 'भाजा'शी यमक जुळवायच्या नादात बिचारी मिरची पुल्लिंगी झाली. यमकाच्या हट्टापायी व्याकरणाचा बळी जातो तो असा.

वृत्तात नुसती मोजदाद पुरत नाही, लघु-गुरूही, म्हणजे आखूड-लांब उच्चारही, बघावे लागतात. भुजंगप्रयातात एक लघु, दोन गुरू असे चार 'य' गण. अक्षरं 12, हात बरोब्बर भरतो. शार्दूलविक्रीडिताची 19, पण यती, म्हणजे मधला थांबा, बाराव्या अक्षरानंतर, नेमकी पेरं संपतात तिथेच! उरलेली सात मोजायची उजव्या हातावर, म्हणजे भरितावर.

खरा घोळ जोडाक्षराचा. 'पुस्तक'मधला 'पु' ऱ्हस्व, पण 'स्त'चा आघात बसला की गुरू. 'तुम्ही'तला 'तु' मात्र लघुच, कारण तिथे आघात होतच नाही. हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांच्या कितीतरी ओळींत आठ-आठ अक्षरं चपखल बसलेली. जातं ओढणारीला मोजायला हात मोकळा असतो कुठे?

एवढ्यात पंगतीच्या टोकाकडून गझलेची फर्माईश येते. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'भाजले आहे', 'वाजले आहे' बांधलं की शेवटी जसाच्या तसा येणारा 'आहे' हा रदीफ, यमकाचे 'भाजले-वाजले' हे काफिये आणि 'ज'च्या आधीचा, न बदलणारा 'आ' स्वर ही अलामत. पुढच्या शेरात 'मोजले आहे' आलं, की जाणकाराचा घास हातातच थांबतो. 'आ' जाऊन 'ओ' आला ना!

"मग मुक्तछंदात लिहा की!" हा सल्ला येईपर्यंत पत्रावळी उचलल्या जातात. दोन्ही हात मोकळे. मिरची तेवढी अजून 'ताजा'च.