कोण रे हा हबशी?

आज आमच्या मंडळाचा गणपती होता. बाप्पा आले सोमवारी आणि आमचा उत्सव शनिवारी, कारण अमेरिकेत देवालाही वीकेंड बघूनच यावं लागतं. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पोरं झोपलीत, माझी साडी अजून अंगावरच आहे आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून हे टाइप करतेय. उद्या कदाचित डिलीट करीन.

आरती झाली, जेवणाची रांग लागली. धाकटा पुढे, मागे मी, मध्ये लेक. मसालेभाताच्या भांड्याशी उभ्या असलेल्या एका काकांनी (नाव लिहीत नाही, त्या रांगेत जे होते त्यांना कळेलच) शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि धाकट्याकडे बघून हसत म्हणाले, "कोण रे हा हबशी?"

माझ्या हातातली पत्रावळ थरथरली. पण मी तोंड उघडायच्या आत माझी सहा वर्षांची लेक टुणकन पुढे गेली, काकांचा कुर्ता ओढला आणि म्हणाली, "काका, मी पण! मी पण हबेशा!" मग माझ्याकडे वळून, डोळे एवढाले करून, "आई, काकांना माहितीये!"

काकांचा चेहरा मसालेभातापेक्षा पिवळा झाला. त्यांनी घाईघाईनं दोघांच्या पत्रावळीत दोन-दोन जिलब्या वाढल्या. झालं. रांग पुढे सरकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी दोन्ही पोरं इथिओपियातून दत्तक घेतलेली. दर रविवारी आम्ही दोघांना इथे मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला अम्हारिकच्या, म्हणजे तिकडच्या भाषेच्या, वर्गाला नेतो. तिथल्या बाईंनी पहिल्याच महिन्यात पोरांना छातीवर हात ठेवून म्हणायला शिकवलं, मी हबेशा, म्हणजे मी इथिओपियाकडची. तिकडचे कित्येक लोक हा शब्द ताठ मानेनं लावतात. (सगळे नाही, तिकडच्याच ओरोमो समाजाच्या लोकांना विचाराल तर ते वेगळं सांगतील, पण तो वाद आज नको.) आपला 'हबशी' त्याच मुळातून आलेला. शब्द तोच. एका वर्गात तो छातीवर हात ठेवून म्हणतात, दुसऱ्या हॉलमध्ये कोपरानं ढोसून. माझ्या लेकीला अजून फक्त पहिला माहितीये.

आणि मला राग कशाचा आला सांगू? मी औरंगाबादची. भडकल गेटावरून शाळेत जायचे. ते गेट बांधलं कुणी? मलिक अंबरानं, १६१२ मध्ये. खडकी, म्हणजे आमचं औरंगाबादच, वसवली कुणी? त्यानंच. आमच्या शहराला पाणी पाजणारी नहर कुणाची? नावच नहर-ए-अंबरी! इथिओपियात जन्मलेलं, लहानपणीच गुलाम म्हणून विकलं गेलेलं पोर, हातोहात विकत विकत दख्खनेत पोचलं आणि निजामशाही त्यानं एकट्याच्या जिवावर उभी ठेवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. आपण हे चौथीपासून घोकतो, गनिमी काव्याचा विषय निघाला की छाती फुगवून त्याचं नाव घेतो, आणि वर मसालेभाताच्या रांगेत "कोण रे हा हबशी?"

बरं, कोणी म्हणेल, जुनी माणसं आहेत, मनात काही नसतं. नसेल. पण माझ्या पोरांच्या कानात तर जातं ना.

आणि काका निदान तोंडावर बोलले. मला जास्त त्रास होतो तो प्रेमानं बोलणाऱ्यांचा. "किती पुण्याचं काम केलंत हो!" "नशीब काढलं पोरांनी!" पोरांसमोर म्हणतात हो हे, डोक्यावरून हात फिरवत. अहो, पुण्य करायचं असतं तर पंढरीची वारी केली असती. मला मुलं हवी होती, मी आई झाले. आणि नशीब कसलं काढलं? साडेतीन वर्षांच्या पोरीची भाषा गेली, गाव गेलं, गालाला गाल लावणारी माणसं गेली, आणि एका सकाळी तिनं डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर मेरीलँडचा बर्फ होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या अंबरालाही कुणी विचारलं नव्हतं म्हणा. हे लिहिताना बोट अडखळलं, पण राहू दे.

त्यांची आधीची गोष्ट मात्र मी इथे सांगणार नाही. विचारू नका. ती त्यांची आहे, मोठी झाली की ज्याला सांगायची त्याला सांगतील.

आम्ही २०१७ च्या जानेवारीत त्यांना घरी आणलं. पहिल्या खेपेला अदिस अबाबाच्या कोर्टात उभं राहायचं, पोरांना भेटायचं आणि त्यांना तिथेच ठेवून परत यायचं. मग व्हिसाचं झालं की दुसरी खेप. त्या मधल्या महिन्यांबद्दल मी अजूनही धड बोलू शकत नाही. घरी आल्यावर पहिले काही महिने लेक रात्री उठून रडायची, "वुहा, वुहा." वुहा म्हणजे पाणी. मी ग्लास घेऊन धावायचे, ती एक घोट प्यायची, माझ्याकडे टक लावून बघायची आणि परत म्हणायची, वुहा. तहान नव्हतीच. तिच्या बोलण्यातला तो एकच शब्द मला कळत होता आणि ते तिला समजलं होतं. सप्टेंबर उजाडेस्तोवर ती अम्हारिक साफ विसरली. रविवारचा वर्ग त्यासाठीच. आता तिकडची अक्षरं परत गिरवतेय, बाराखडीसारखीच आहेत, फक्त बाराऐवजी सात. हा, हु, ही...

उशीखाली पोळ्या सापडायच्या. अर्धी, चतकोर, एकदा तर तूप-साखरेची गुंडाळी, मुंग्यांसकट. सासूबाई म्हणाल्या, खायला कमी पडतंय का पोरीला? कमी पडत नव्हतं. आहे हे उद्याही असेल, याची खात्री नव्हती. मी पोळ्या काढून घेतल्या नाहीत, उशाशी झाकणाचा डबा ठेवला. वर्षभरानं तो डबा तिनं स्वतः आणून सिंकमध्ये टाकला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पहिले सहा महिने आम्ही दोघांशिवाय कुणी त्यांना भरवायचं नाही, उचलायचं नाही असं ठरवलं होतं, आपलं माणूस कोण हे पोरांना कळावं म्हणून. सासूबाई दुखावल्या. नातवाला घास भरवायचा नाही म्हणजे काय? मी तेव्हा जरा जास्तच कडक वागले, कबूल. आणि गंमत बघा, इथिओपियात ताटावर बसलं की दुसऱ्याच्या तोंडात हातानं घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. नंतर हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी काय वेगळं करत होते?" गप्प बसले.

आता त्याच त्यांना शिरो करून घालतात. शिरो म्हणजे पिठलं हो! बेसनासारखंच पीठ, कांदा-लसूण, वर बेर्बेरे मसाला. इंजेरा म्हणजे आंबवलेली, जाळीदार, मोठ्ठी आंबोळी. सिल्व्हर स्प्रिंगच्या दुकानातल्या आजोबांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, भारतातल्या का तुम्ही? माझे गणिताचे मास्तर भारतातले होते. आणि बेर्बेरेची एक पुडी फुकट दिली. तिथल्याच एका मावशींकडे लेकीच्या केसांचं शिकले. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर, दातांत अंतर असलेला कंगवा, आणि खालून वर, टोकांकडून मुळांकडे. मी आधी वरून खाली ओढायचे, आपल्या वेण्यांच्या सवयीनं. बिचारी दात आवळून बसायची. परवा मंडळाच्या एका ताईंनी विचारलं, "हे सरळ करून घेत नाही का?" नाही ताई. घेत नाही.

हो, मला माहितीये, परदेशी दत्तकाच्या नावाखाली तिकडे नको ते प्रकार झाले. आईबाप जिवंत असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं गेलं. २०१८ च्या जानेवारीत इथिओपियानं परदेशी दत्तक बंदच केलं, ते उगाच नाही. आमचे कागद मी तीनदा तपासून घेतले, तरी रात्री कधीकधी झोप लागत नाही. पण तो प्रश्न मला पोरांनी विचारावा. मसालेभात वाढणाऱ्यांनी नाही.

आणि एक सांगते, मग थांबते. धाकटा आत्ता चार वर्षांचा आहे. गोबरे गाल, सगळ्यांना उचलून घ्यावासा वाटतो. अजून दहा वर्षांनी हाच उंच होईल, डोक्यावर हुड घालून रस्त्यानं चालेल आणि या देशात लोकांना दिसेल तो फक्त एक काळा मुलगा. त्याचं मराठी आडनाव कपाळावर लिहिलेलं नसेल. तेव्हा त्याच्या बाजूनं तुमच्यातलं कोण उभं राहील याचा हिशोब मी आजपासून मनात ठेवतेय. राग येऊ दे. मला आज दिवसभर आलाय.

घरी येताना गाडीत लेकीला सांगावं असं दहादा मनात आलं. की बाळा, काका तसं म्हणाले नव्हते. आरशात बघितलं तर ती भावाला समजावत होती, "काकांना हबेशा माहितीये, म्हणजे काका आपले." तोंडाला जिलबीचा पाक. मी रेडिओ लावला. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाहीये.

येत्या गुरुवारी, १२ तारखेला, अनंत चतुर्दशी आहे. यंदा, म्हणजे २०१९ मध्ये, नेमकं त्याच दिवशी इथिओपियाचं नवं वर्ष सुरू होतंय, त्यांच्या पंचांगानं २०१२. तिकडे या दिवशी पोरी पिवळी फुलं घेऊन दारोदार गाणी म्हणत जातात, आपल्या भोंडल्याच्या पोरींसारख्या. आमच्याकडे सकाळी विसर्जन, संध्याकाळी कॉफी. कॉफी म्हणजे मशीनची नाही. हिरव्या बिया घरातच भाजायच्या, धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवायचा, मग कुटून मातीच्या भांड्यात उकळायची. आणि तीन वेळा द्यायची, पहिला कप पिऊन उठून जायचं नसतं.

हॉलमधून निघताना लेक परत पळत गेली होती. मला वाटलं चप्पल विसरली. आत्ता झोपताना सांगितलं तिनं. काकांना गुरुवारी कॉफीला बोलावून आलीये. आणि काका हो म्हणालेत.

बिया पाव किलोच आहेत. उद्या आणखी आणायला हव्यात.