आगीपेक्षा आगीनंतरच्या पाण्याचं बोला

वीज साठवणाऱ्या बॅटरी प्रकल्पाला जागा कमी लागते, धूर नाही, तेव्हा पाणथळीच्या कडेला उभारायला हरकत नाही, असं लेखात म्हटलंय. धुराचं राहू द्या, पाण्याचं काय?

लिथियम-आयन सेल तापून पेटला की वरून पाणी मारून आतली क्रिया सहसा थांबत नाही. म्हणून बरेचदा बॅटऱ्यांचा पेटलेला कंटेनर जळू देतात आणि पाणी शेजारच्या कंटेनरवर मारतात. ते काळं पाणी वाहत कुठे जाणार? पावसाच्या गटाराच्या तोंडाशी आगीच्या इशाऱ्यासरशी बंद होणारी झडप हवी, आणि तिच्या अलीकडे अस्तर घातलेलं तळं. आराखड्यात ही झडप नसेल तर बाकीचा पर्यावरण अहवाल मी तरी उघडणार नाही.

कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला जानेवारी २०२५ मध्ये ३०० मेगावॉटचा प्रकल्प पेटला. नंतर शेजारच्या एल्कहॉर्न स्लूच्या दलदलीत, वरच्या मातीत, निकेल, मँगनीज, कोबाल्ट वाढलेलं सापडलं. ते आलं होतं धुरातून, म्हणजे ‘धूर नाही’ हेही आग लागेपर्यंतच! तिथे बॅटऱ्या एकाच इमारतीत दाटीवाटीने होत्या. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या घेतल्या तर निकेल-कोबाल्टचा प्रश्न मिटतो, आणि सुटे कंटेनर लांब लांब मांडले तर आग पसरायची भीती कमी. पण अंतर वाढवलं की जागाही वाढली, म्हणजे लेखातला पहिलाच मुद्दा ढिला पडतो.

आणि हो, थंड ठेवणारे पंखे रात्रीही घोंघावतात. विणीच्या हंगामात पक्ष्यांचं काय, यावर लेखात एक ओळ नाही.