ट्रॉलरच्या इंजिनाबाबत थोडी पुरवणी
इंजिनातील सेन्सरवरून बिघाड ओळखण्याविषयीच्या एका लेखाला ही पुरवणी आहे. शीतक पाण्याचे तापमान वाढल्याचे सेन्सरने दाखवले की आधी थर्मोस्टॅट (शीतक पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) तपासावा, असे त्या लेखात म्हटले आहे. ट्रकसाठी ते ठीकच. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातील मासेमारी नौकांवर समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चाक) आणि त्या पाण्याने इंजिनाचे शीतक पाणी थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये साचलेले क्षार आधी पाहावेत. एकाच सिलिंडरच्या धुराचे तापमान घसरले, तर संशय त्यात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर घ्यावा. सर्वांचे एकदम चढले, तर एअर फिल्टर, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग), अगदी नौकेच्या प्रोपेलरच्या पंख्यात अडकलेले जाळेसुद्धा तपासावे. खाऱ्या हवेने सेन्सरच्या तारांची जोडणी गंजली की विद्युतरोध वाढतो आणि तापमानाबरोबर रोध कमी होणाऱ्या नेहमीच्या सेन्सरमुळे इंजिन प्रत्यक्षाहून थंड दिसते, हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. पावसाळी मासेमारी बंदीत या जोडण्या उघडून साफ कराव्यात.