दुसरा कान

देवाने तोंड एक आणि कान दोन का दिले? तर बोलावं कमी आणि ऐकावं जास्त म्हणून, असं आमचे गुरुजी सांगायचे. गुरुजींनी कधी लेसची कानातली केली नसणार. केली असती तर कानही एकच पुरे, असा अर्ज त्यांनी वरती पाठवला असता आणि मी खाली सही केली असती.

मी टॅटिंग करतो, म्हणजे दोऱ्याला गाठी घालत हाताने लेस करतो. वाक्य साधं आहे, पण निवृत्त माणसाने सोसायटीच्या बाकावर बसून ते उच्चारलं की समोरचा आधी माझ्या हाताकडे, मग तोंडाकडे आणि मग वर आमच्या खिडकीकडे बघतो. घरी सगळं ठीक आहे ना, अशी ती नजर असते. तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा रोज सकाळी फिरून येताना थांबायचे. पांढरा दोरा, गाठी आणि माझं पुटपुटत मोजणं एवढं बघून त्यांनी मनाशी काय ते ठरवलं आणि एक दिवस कौतुकाने म्हणाले, "वा! हल्ली घरी कोण करतं? श्रावणीला माझ्यासाठी दोन जानवी ठेवा." मी म्हटलं, "आप्पा, ही कानातली आहेत." तर म्हणाले, "असू द्या. दोन ठेवा."

हा नाद मला आईच्या शिवणाच्या डब्यामुळे लागला. त्यात होडीच्या आकाराची, बोटभर लांबीची तिची शटल सापडली. पोटात दोरा गुंडाळायचा, दोन्ही टोकांच्या फटीतून तो कट्-कट् आवाज करत सुटतो. आई त्यावर रुमालांच्या कडा करायची, बाह्यांना लेस करायची, रेडिओवर घालायचं आच्छादन करायची, आणि हे सगळं आमच्याशी भांडता भांडता. तिचं काम बघून हे सोपं असतं असा माझा समज झाला. आयांकडे बघून असे बरेच समज होतात.

काम असं असतं. डाव्या हाताच्या बोटांवरून दोऱ्याचा फास घ्यायचा. उजव्या हातातली शटल त्या फासाखालून एकदा, वरून एकदा न्यायची. दोन अर्ध्या गाठी मिळून एक पुरी गाठ. इथवर ठीक. पण गाठ पडते ती शटलच्या दोऱ्याची, आणि आपल्याला हवी असते फासाच्या दोऱ्याची. त्यासाठी डाव्या हाताची बोटं जराशी सैल सोडून शटलचा दोरा ताठ ओढायचा. मग गाठ टुणकन इकडची तिकडे पलटी खाते. ही पलटी जमली की टॅटिंग आलं, कारण बाकी सगळं मोजणं आहे. चोवीस गाठी झाल्या की शटल ओढायची, फास आवळत येतो आणि गोल कडी मिटते. सगळ्या गाठींनी पलटी खाल्ली असेल तर मिटते. एखादी जरी मूळ पक्षात राहिली असेल तर कडी अर्ध्यावर येऊन थांबते, आणि कोणती ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. क्रोशाचं काम चुकलं तर दोरा ओढला की सरसर उसवतं. इथे प्रत्येक गाठ सुईच्या टोकाने उकलावी लागते, तीही अर्धी अर्धी.

तरी रुमालाच्या कडा, पुस्तकातली खूण, देवघरातलं तोरण असं करत माझं छान चाललं होतं. मग भाचीचं लग्न ठरलं.

भाचीने फोटो पाठवला. हळदीच्या रंगाच्या तीन लेसच्या कड्या, एकीत एक अडकलेल्या, कानाखाली डुलताहेत. खाली लिहिलं होतं, "मामा, हळदीला अशी हवीत. तुला इझी आहे ना?" मुलीच्या मामाला लग्नात नाही म्हणायची सोय नसते. बोहल्यावर तिला तोच घेऊन जाणार, अंतरपाटाशी तोच उभा राहणार, तर कानातल्यांना कसा नकार देणार? मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. लगेच दुसरा निरोप आला, "आणि करवल्यांना पण सेम!"

एकीत एक अडकलेल्या कड्यांचं दुखणं वेगळं असतं. नेहमीच्या लेसमध्ये दोन गाठींच्या मध्ये दोऱ्याचं बारीक नाकं सोडतात, त्याला पिकॉट म्हणतात. पुढची कडी करता करता दोरा त्या नाक्यातून ओढून घेतला की दोन्ही कड्या शेजारी शेजारी जोडल्या जातात आणि काम एका दोऱ्यात पुढे सरकतं. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुळली. त्याआधी युरोपातल्या बायका सुट्या कड्या करून त्या सुईने एकमेकींना शिवत बसायच्या. म्हणजे जगाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी जी कटकट मिटवली, ती भाचीने एका फोटोत परत आणली. कारण कडी कडीतून ओवायची तर ती मिटण्याआधीच तिचा दोरा शेजारणीच्या पोटातून गेला पाहिजे. शटल काही तेवढ्या भोकातून जात नाही. मग नव्या दोऱ्याचं टोक सुईत ओवून आधीच्या कडीतून काढायचं, तिथून तो दोरा हातावर फास म्हणून घ्यायचा, आणि लोंबणारी जुनी कडी अंगठ्याने बाजूला सारत नव्या चोवीस गाठी घालायच्या. ती प्रत्येक गाठीला मध्ये येते. तिला वाटतं आपल्यालाच बोलावलंय.

शिवाय प्रत्येक कडी सुटी म्हणजे प्रत्येकीला दोन शेपट्या. एका कानात तीन कड्या, सहा शेपट्या. त्या गाठ मारून, सुईने गाठींच्या आतून परत फिरवून दडवायच्या. गाठी घालणं हा छंद आहे. शेपट्या दडवणं ही नोकरी आहे, आणि मी तर सेवानिवृत्त.

यात घर मध्ये येतं ते वेगळंच. फास डाव्या हातावर असताना माणूस कुठल्याही कामाचा नसतो, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते. परवा मी अठराव्या गाठीवर होतो. बायको आतून म्हणाली, "अहो, बघा ना जरा, माझे हात कणकेचे आहेत." माझे हात दोऱ्याचे होते, पण कणकेला आमच्या घरात ज्येष्ठता आहे. हात तसाच उंच धरून कोपराने दाराची कडी काढली. दारात पार्सलवाला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "काय लागलं का काका?" मी मान हलवून पुटपुटलो, "अठरा, अठरा." तो म्हणाला, "नाही काका, ओटीपी चार आकडी असतो." फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात होता. उजव्या हाताने तो काढला, चष्मा कपाळावरून नाकावर पाडला आणि वाचलं: चार, आठ, एक, सात. तो गेला, दार लागलं, आणि मी सतरावर आहे की अठरावर, की चार हजार आठशे सतरावर, ते मला काही केल्या आठवेना. पहिली अर्धी गाठ झाली होती की दुसरी, हेही नाही. भिंग घेऊन मोजत बसलो. पार्सलमध्ये भिंगाखाली धरायचा दिवा होता.

रुमानियाची राणी एलिझाबेथ टॅटिंगची मोठी शौकीन होती. कवयित्री म्हणूनही तिचं नाव होतं, आणि लेसमध्ये ती मोती ओवायची म्हणे. खुशाल ओवावेत. राजवाड्याच्या दारात उठून तिला कुणाला ओटीपी सांगायचा नव्हता.

तर पहिलं कानातलं झालं. बायकोने आरशासमोर एका कानाला धरून बघितलं आणि "शोभतंय हो" म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने माझ्या कुठल्याही कामाला हा शब्द वापरलेला नाही. मी तरंगतच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आता फक्त दुसरं राहिलं."

त्या 'फक्त'ला काही अर्थ नाही. पहिलं कानातलं माणूस कुतूहलापोटी करतो: जमेल का, दिसेल कसं, कड्या डुलतील का. दुसऱ्यात कसलंही कुतूहल नाही. सगळं ठाऊक आहे आणि तरी सगळं पहिल्यापासून करायचं आहे, शिवाय हुबेहूब. कलाकाराला कारकून करण्याची ही जुनी युक्ती असावी. आणि हुबेहूब होतच नाही, कारण हाताचा ताण मनाबरोबर बदलतो. पहिलं मी सकाळी बाकावर, जुनी गाणी ऐकत केलं होतं. दुसरं रात्री बातम्यांसमोर. बातम्यांतलं एवढं घट्ट झालं की पहिल्याचं मूल दिसत होतं. मग त्या धाकट्याला जोड म्हणून तिसरं केलं, पण त्या दिवशी बातम्यांत नेमकं कुणीच कुणावर ओरडलं नाही.

हळूहळू पोळीच्या डब्याच्या झाकणात बिनजोडीच्या कानातल्यांचा ढीग झाला. बायको चष्मा लावून त्यांच्या पत्रिका जुळवायला बसली. हे त्याच्या शेजारी ठेव, ते याच्या. एक जोडी मला दाखवून म्हणाली, "ही चालेल." मी म्हटलं, "अगं, खालची कडी बघ, एक अख्खी गाठ कमी आहे." ती म्हणाली, "अहो, 36 पैकी 18 गुणांवर माणसांची लग्नं होतात. आपले किती जुळले होते आठवतंय ना?" ती जोडी चालली.

रविवार पेठेत हुक आणायला गेलो. हुक सुटे मिळत नाहीत, पाकीटच घ्यावं लागतं. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "लेसची बनवताय होय?" आणि खालच्या फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक जोडी काढून समोर ठेवली. मशीनची लेस, हळदी रंग, कडीत कडी. "तीस रुपये. डझनाला अजून कमी करतो." मी दोन्ही उजेडात धरून बघितली, उलटी केली, मोजली. तंतोतंत सारखी होती. माणसाचा असा अपमान समोरासमोर कुणी करत नाही. मी हुकांचं पाकीट घेतलं आणि सुट्टे पैसे न मोजता बाहेर पडलो. ज्याने दिवसभर गाठी मोजल्या आहेत त्याच्याकडून आणखी मोजणी होत नाही.

मग ती ताठ करणं आलं, नाहीतर कानात लोंबायच्या ऐवजी मलूल होऊन पडतात. बायकोच्या मते साबुदाण्याची खळ. खळीला झुरळं लागतात, म्हणून मी फेव्हिकॉल पाण्यात पातळ केला आणि कुंचल्याने लावला. कड्या कडीत अडकलेल्या असल्याने वाळताना एकमेकींना धरून बसतात, आणि एकदा वाळल्या की डुलणं संपलं. म्हणून वाळेपर्यंत प्रत्येक कडी मधूनमधून जागेवरून हलवत राहायची. भर दुपारी, गॅलरीत, वर्तमानपत्रावर मांडलेल्या त्या पिवळ्या कड्या मी टाचणीने एकेक करून फिरवत होतो. खालून आप्पांनी वर बघून हात जोडले. त्यांना वाटलं मी जानव्यांवर काहीतरी विधी करतोय.

करवल्यांच्या जोड्या लागल्या एकदाच्या. उरल्या बिनजोडीच्या एकट्या. फेकवत नव्हत्या, त्या प्रत्येकीत सहा दडवलेल्या शेपट्या होत्या. तेव्हा बायकोच्याच डोक्यात आलं, "अहो, भिकबाळी करा की यांच्या!" मी तिच्याकडे बघतच राहिलो. पेशवाईतल्या पुरुषांचा दागिना, वरच्या पाळीला, आणि मुख्य म्हणजे एकाच कानात! ज्याने कुणी ती चाल पाडली तो घरी दागिने करत असणार, याबद्दल मला शंका नाही. मी तीनपैकी दोन कड्या कापून काढल्या, एकच ठेवली, मध्ये एक मोती बसवला, आणि भाचीच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. हल्ली पोरं कान टोचून घेतात, त्याने घेतला होता हे मला माहीत होतं.

त्याने भिकबाळी घातली, फोनचा कॅमेरा आरशासारखा धरून मान इकडेतिकडे केली. "मामा, जबरी! हळदीला हीच घालणार." मला भरून आलं. एक कान, एक दागिना, काम संपलं.

"दुसरी कुठेय?" तो म्हणाला.

"अरे, भिकबाळी एकाच कानात घालतात. परंपरा आहे."

"हो, पण माझे दोन्ही टोचलेत." त्याने केस मागे सारले. "आणि मामा, मी ग्रुपवर फोटो टाकलाय. मुलाकडचे सहा जण विचारतायत. त्यांचे दोन्ही आहेत की एकच, ते विचारून सांगतो."