मोहोळमुक्त सोसायटीसाठी काही सूचना

पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलेलं दिसलं, की आधी ग्रुपवर फोटो टाका. खाली "सोसायटीत लहान मुलं आहेत" एवढंच लिहा, पुढचं लोक बघून घेतात. बहर संपला की या माश्या आपण होऊन मुक्काम हलवतात, डिवचल्याशिवाय सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत, असं सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. (आमच्याकडे ते काका मीच.) त्यांना "मग तुमच्या गॅलरीत न्या" म्हणायचं, विषय संपतो.

फवारणीवाला रात्रीच बोलवा. त्या वेळी माश्या मीटरभर रुंदीच्या पोळ्यावर गोधडीसारख्या पसरलेल्या असतात, एका फवाऱ्यात काम होतं. सकाळी पार्किंगमध्ये सुपानं भराव्यात इतक्या पडलेल्या दिसतील. काही अजून पाठीवर पडून गरगर फिरत असतात, तेव्हा चपला घालून उतरा. पोळं फवारणीवालाच कापून नेतो. दोन दिवसांनी चौकात "अस्सल जंगली मध" विकायला आला तर घासाघीस मात्र कराच. त्यातल्या औषधाचे पैसे आपण आधीच दिलेत.

आता उरल्या बिनपोळ्याच्या. बहुतेक रानमाश्या एकेकट्या राहतात आणि त्यातल्या बऱ्याचजणी जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांच्यावर पेव्हर ब्लॉकसारखा रामबाण उपाय नाही. झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर माती उरतेच, तिथं सिमेंट ओता. एकदांडीसारखं फुकट फुलणारं तण उपटून लॉन लावा. वाळकी फांदी, जुना बांबू ठेवूच नका, काळा भुंगा त्यात गोल भोक पाडून संसार थाटतो.

एवढं करूनही आपण निसर्गप्रेमी आहोतच. 20 मेला जागतिक मधमाशी दिनाचा स्टेटस ठेवा. महाबळेश्वरला गेलात तर जवळच मांघर आहे, देशातलं पहिलं 'मधाचं गाव'. तिथून बाटली आणा आणि रोज सकाळी लिंबूपाण्यातून घ्या.

राहता राहिली गच्चीवरची वांगी. फुलं भरपूर येतात आणि गळतात. खत बदलून झालं, ताक ओतून झालं. भानगड अशी, की वांग्याच्या फुलात पराग मिठाच्या डबीसारखा बंद असतो, वर नुसतं बारीक भोक. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला लटकते, पंख मिटून अंगानंच अशी गुणगुणते की सगळं फूल थरथरतं आणि पिवळी भुकटी तिच्या पोटावर सांडते. पेटीत पाळलेल्या मधमाशीला ही विद्या येत नाही.

तरी काळजी नको. बॅटरीवरचा टूथब्रश मिळतो. सकाळच्या उन्हात गच्चीवर जायचं, फुलाच्या देठाला तो दोन सेकंद लावायचा, मग पुढचं फूल. रोज, न कंटाळता. दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा.