पेन्शन आहे, मग सवलत कशाला? : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माजी सैनिकांच्या कुटुंबांना बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात आणि सरकारी उद्यानांत मोफत प्रवेश द्यावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "पेन्शन, लष्करी कँटीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहेच, आता फिरणंही फुकट? शेतमजुराच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पेन्शन जवानाच्या नोकरीची असते. मी बोलतोय त्याच्या घराबद्दल. कायम नोकरीतल्या जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा, तीही युनिटची गरज बघून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात ही रजा भाताच्या लावणीत, कौलं परतण्यात, भावकीच्या लग्नात आणि जमिनीच्या कागदांसाठी हेलपाटे घालण्यात संपते. पोरांना बापाबरोबर हिंडायला मिळतच नाही. अमेरिकेत २०२२ पासून माजी सैनिकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास मोफत आहे. एका पासवर गाडीतलं सगळं घर आत जातं आणि देशासाठी प्राण दिलेल्यांच्या कुटुंबांनाही तो मिळतो.

शिवाय "पेन्शन आहेच" हे यापुढं खरं राहणार नाही. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधी म्हणून एकरकमी पैसे मिळतील, पण पेन्शन, कँटीन, ईसीएचएस यातलं काहीच नाही. माजी सैनिकाचा दर्जासुद्धा नाही! म्हणून ही सवलत माजी सैनिकाच्या ओळखपत्रावर न देता सेवेच्या दाखल्यावर द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आता वीरनारी, म्हणजे देशासाठी प्राण दिलेल्या जवानाची पत्नी. शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बाईला राज्यातल्या साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाईला मात्र ती योजना लागू नाही. महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट आहे, पण तेही हद्दीपर्यंतच. तिचा नवरा कदाचित आपल्या बेळगावच्या मराठा सेंटरमध्येच (मराठा लाइट इन्फन्ट्रीचं प्रशिक्षण केंद्र) शिकून सीमेवर गेला असेल. प्रवेशद्वारावर तरी तिला कुणी राज्य विचारू नये.

तिकिटाच्या उत्पन्नातून प्राण्यांचा खर्च भागतो, हा तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ती तूट सैनिक कल्याण खात्यानं संग्रहालयाला भरून द्यावी, जनावरांच्या तोंडचा घास कमी होता कामा नये.

आणि शेतमजुरांच्या मुलांसाठी मोफत प्रवेशाचं निवेदन तुम्ही लिहा, पहिली सही माझी. पण तोवर वीरनारीनं रांगेत उभं राहून तिकीट काढावं, हे मला पटत नाही.