‘रुग्णांच्या गटात नेऊ नका’ या संदेशाला उत्तर

पार्किन्सन्सचे निदान नुकतेच झालेल्या एका कुटुंबाकडून मला एक संदेश आला आणि त्याखाली एकच प्रश्न होता: ‘हे खरे आहे का?’ हा संदेश थोड्याफार फरकाने मी यापूर्वीही अनेकदा पाहिला आहे. त्याचा आशय असा: ‘पार्किन्सन्सच्या माणसाला रुग्णांच्या गटात नेऊ नका. पुढच्या अवस्थेतले लोक पाहून तो खचतो आणि आजार झपाट्याने वाढतो. तिथे सगळे दुःखच उगाळतात. प्रत्येक जण डॉक्टर होऊन ऐकीव उपचार सांगतो. घरच्यांचे प्रेम आणि चांगला डॉक्टर असेल तर गटाची गरज नाही, आणि माहिती तर घरबसल्या मिळते.’

माझ्या वडिलांना हा आजार होऊन बारा वर्षे झाली. पहिले वर्ष आम्ही याच समजुतीपायी दार लावून काढले. त्यानंतर आजपर्यंत आम्ही स्वमदत गटात आहोत. त्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचे आहे असा दावा मी करत नाही. मात्र संदेशातली एक भीती खरी आहे आणि तिला बगल देऊन उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल, एवढे मला कळते. आमच्या गटांमध्ये आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

पहिल्या विधानात मन खचणे आणि आजार वाढणे या दोन निराळ्या गोष्टी एकात गुंफल्या आहेत. पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि चेतापेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे पुंजके साचतात. ही प्रक्रिया हाताला पहिला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेली असते. वास कमी येणे, बद्धकोष्ठता, स्वप्न पडत असताना हातपाय झाडणे या तिच्या आधीच्या खुणा पुष्कळांना मागाहून आठवतात. एखाद्या सभागृहात दुसऱ्या शुभार्थीला पाहिल्यामुळे या पेशी अधिक वेगाने मरतात, असे मानायला कोणताही आधार नाही. त्याच प्रामाणिकपणाने हेही सांगितले पाहिजे, की गटात आल्याने आजाराची गती मंदावते असा दावा मीही करणार नाही.

मग लोकांना वाढल्यासारखे दिसते ते काय? ताणाखाली कंप तात्पुरता वाढतो, हे खरे आहे. परीक्षा असो, अनोळखी माणसांची गर्दी असो किंवा कोणीतरी हाताकडे टक लावून पाहत असो, हात अधिक थरथरू लागतो आणि ताण ओसरला की पुन्हा पूर्वीसारखा होतो. आता विचार करावा, की हा ताण सर्वांत जास्त कोठे असतो. कंप लपवायचा म्हणून हात खिशात घालून बसलेला माणूस, भरलेला पेला चारचौघांत उचलायचा टाळणारा माणूस, रांगेत पैसे मोजायला वेळ लागतो म्हणून घाम फुटलेला माणूस दिवसभर हाच ताण वागवत असतो. जेथे निम्म्या लोकांचे हात हलत आहेत, तेथे आपला हात लपवण्याचे कारणच उरत नाही.

तरीही पुढची अवस्था पाहून बसणारा धक्का खरा असतो, आणि तीच ती खरी भीती. माझ्या वडिलांना तो धक्का बसला. पहिल्याच बैठकीत त्यांनी एका वृद्ध गृहस्थांना खुर्चीतून उठण्यासाठी झगडताना पाहिले आणि घरी परतताना वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत. पुन्हा येणार नाही, एवढेच म्हणाले. दोन महिन्यांनी मात्र ते आपणहून आले. त्या गृहस्थांनी शेवटी कसे उठून दाखवले, हे त्यांच्या लक्षात राहिले होते: खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचे, पावले मागे घ्यायची, धड पुढे झुकवायचे आणि तीन आकडे मोजून उठायचे. वडिलांनी घरी ते करून पाहिले होते आणि ते जमले होते. ज्याला पाहून ते घाबरले, त्याच माणसाकडून ते उठायला शिकले, ही गोष्ट मी कधी विसरू शकणार नाही.

शिवाय एका शुभार्थीची अवस्था ही दुसऱ्याची भविष्यवाणी नसते. मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी १९६७ मध्ये या आजाराच्या पाच अवस्था मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. परंतु प्रत्येक जण सारख्याच वेगाने त्या पायऱ्या उतरतो, किंवा प्रत्येक जण शेवटच्या पायरीपर्यंत जातोच, असे नाही. गट नसलेल्या माणसाकडे तुलनेसाठी बहुधा एकच चित्र असते, ते म्हणजे नात्यातल्या कोणा अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे. गटात त्याला पंधरा वर्षांनंतरही स्वतः चालत येणारे शुभार्थी दिसतात, चाळिशीत निदान झालेले आणि नोकरी करणारे दिसतात, आणि खालावलेलेही दिसतात. चित्र पूर्ण होते, हा यातला लाभ आहे. चालवणाऱ्यांनी थोडी काळजी घेतली, नव्याने निदान झालेल्यांची वेगळी बैठक ठेवली किंवा पहिल्या दिवशी कोणी जुना शुभार्थी त्यांच्याशेजारी बसवला, तर तो धक्का बराच सौम्य होतो. ज्या गटात ही काळजी घेतली जात नाही, तेथील चालकांना ती घ्यायला सांगावे, असा माझा आग्रह आहे.

‘तिथे दुःखच उगाळतात’ या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. बोलणे आणि उगाळणे यांत फरक आहे. पार्किन्सन्स असलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये लक्षणीय नैराश्य आढळते. ते बऱ्याच अंशी मेंदूतील रासायनिक बदलांतून आलेले असते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. ते गटामुळे आलेले नसते, उलट पुष्कळदा गटातच पहिल्यांदा ओळखले जाते. शिवाय गट म्हणजे केवळ गोल करून बसणे नव्हे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या पार्किन्सन्स गटाने मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेबरोबर २००१ मध्ये नृत्याचे वर्ग सुरू केले आणि ती कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ शुभार्थींपैकी ज्यांनी आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम केला, त्यांचा तोल सुधारला आणि नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. तो अभ्यास व्यायामाचा होता, स्वमदत गटाचा नव्हे, हे मला मान्य आहे. पण आठवड्यातून दोनदा, सहा महिने, न चुकता व्यायाम करणे एकट्याला किती अवघड जाते, हे ज्याने घरात प्रयत्न केला आहे त्याला विचारावे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. गटात ऐकीव उपचार पसरू शकतात. खाजकुयलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळ्यांतले मुख्य औषध, नैसर्गिकरीत्या असतो, हे खरे आहे. म्हणून कोणीतरी चूर्ण सुचवतो आणि दुसरा ते डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीला सुरू करतो. एकाच औषधाचा मोजमाप नसलेला दुसरा डोस पोटात जातो आणि अनैच्छिक हालचाली, भास, रक्तदाब घसरणे असे त्रास उद्भवू शकतात. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे ‘मी गोळ्या सोडल्या आणि बरे वाटते’ हे विधान. पार्किन्सन्सची औषधे अचानक बंद केल्यास तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकते. असे सल्ले देऊ देणारा गट वाईट चालवलेला गट आहे, आणि त्याची बाजू मी घेणार नाही.

पण अफवा गटात जन्मते आणि गटाबाहेर हवा स्वच्छ असते, हे खरे नाही. ‘लेव्होडोपा जितका उशिरा सुरू कराल तितका चांगला, नाहीतर त्याचा असर संपून जातो’ ही समजूत मी गटात येण्याच्या आधीच दहा ठिकाणी ऐकली होती, आणि वडिलांनी तिच्यापायी बटणे लावता न येण्याचे कित्येक महिने सोसले. नेदरलँड्समध्ये ४४५ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० आठवडे आधी लेव्होडोपा सुरू करणाऱ्यांची तुलना उशिरा सुरू करणाऱ्यांशी केली गेली. ८० आठवड्यांच्या अखेरीस दोन्ही गटांच्या लक्षणांत अर्थपूर्ण फरक नव्हता. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही आणि बिघडलाही नाही. हे आम्हाला एका बैठकीत, तेथे बोलावलेल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी समजावून सांगितले. समोर वीस जण बसलेले असताना चुकीचे विधान निदान खोडले तरी जाते. मोबाइलवर एकट्याने वाचलेले तसेच मनात मुरते. मळमळीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि अस्वस्थपणावर दिले जाणारे हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनची वाट अडवून पार्किन्सन्सची लक्षणे वाढवतात, हेही आम्हाला गटातच कळले, आणि तेव्हापासून ही नावे लिहिलेले कार्ड वडिलांच्या पाकिटात असते.

आता घरचे प्रेम आणि चांगला डॉक्टर. दोन्ही हवेतच, त्यांच्याविना गट लंगडा आहे. परंतु प्रेमाला आजार ओळखता येतोच असे नाही. एकदा बैठकीत एक शुभंकर बाई रडत म्हणाल्या, ‘नातू मांडीवर येऊन बसला तरी ह्यांच्या चेहऱ्यावर हसू येत नाही. माणूस इतका कोरडा कसा होतो?’ शेजारच्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि सांगितले, की चेहऱ्याचे स्नायू मंदावणे हे याच आजाराचे लक्षण आहे, आतून ते हसत असतील, त्यांना विचारून बघा. त्यांच्या पतीने शेजारीच बसून, अगदी खालच्या आवाजात, ‘हो’ म्हटले. आवाजाचेही तसेच असते: बोलणाऱ्याला आपला आवाज नेहमीसारखाच वाटतो आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष नाही असे वाटून तो चिडतो. घरात यावरून वर्षानुवर्षे भांडणे होतात, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांविषयी माया असूनही होतात.

काही गोष्टी घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे बोलल्याच जात नाहीत. डोपामिनसारखे काम करणाऱ्या अ‍ॅगोनिस्ट गोळ्यांमुळे काही जणांना जुगार, अनावर खरेदी, अतिखाणे किंवा अनावर कामेच्छा यांचा विळखा पडतो. ३,०९० जणांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकांत असे वर्तन आढळले. घरच्यांना हा स्वभावदोष वाटतो आणि शुभार्थीला शरम वाटते, त्यामुळे डॉक्टरांपर्यंत काहीच पोहोचत नाही. एखादा शुभार्थी धीर करून ‘माझेही असे झाले होते, डॉक्टरांनी डोस बदलला आणि सुटलो’ असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्या घरातले एक कोडे सुटते. तपासणीच्या मोजक्या मिनिटांत डॉक्टरांना काय सांगायचे, औषधाचा अंमल किती वाजता ओसरतो याची नोंद कशी ठेवायची, प्रथिनयुक्त आहार आणि गोळी यांत अंतर का हवे असते, हेही आम्ही इतरांच्या वह्या पाहून शिकलो आणि मग डॉक्टरांना विचारून पक्के केले. या गटांचा इतिहासही हेच सांगतो. ब्रिटनमधील पार्किन्सन्सची राष्ट्रीय संस्था १९६९ मध्ये माली जेंकिन्स यांनी स्थापन केली. त्यांच्या बहिणीला हा आजार होता. घरात प्रेम होतेच. माहिती आणि सोबत नव्हती.

आणि शुभंकरांचे काय, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. रात्री चार वेळा उठून कूस बदलून देणारी व्यक्ती आपण थकलो आहोत हे घरात कोणापुढे बोलत नाही, कारण ते बोलणे म्हणजे तक्रार ठरते. माझी आई ते पहिल्यांदा गटात बोलली.

माहिती घरबसल्या मिळते, हे खरे आहे. दारात पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात तेव्हा जमिनीवरची रेघ ओलांडल्याची कल्पना करावी किंवा ताल मोजावा, हे मी आधी वाचलेही होते. वडिलांना ते जमले, ते दुसऱ्या शुभार्थीने त्यांच्यासमोर चालून दाखवल्यावर. ज्यांना बाहेर पडणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून होणाऱ्या बैठका मोलाच्या आहेत, पण त्यातही समोर माणूसच असतो.

ज्या कुटुंबाने मला प्रश्न विचारला, त्यांना मी हे सगळे कळवले आणि एक गोष्ट विचारली. संदेशात ‘नेऊ नका’ असे क्रियापद आहे. नेणारे घरचे, थांबवणारेही घरचे. ज्यांना आजार झाला आहे, त्यांना यायचे आहे का, हे कोणी विचारले आहे का? नको असेल तर त्यांचा शब्द अखेरचा. आधी घरातल्या एकाने एकट्याने येऊन बैठक पाहून जावी, तेथे औषधांबद्दल काय बोलले जाते ते ऐकावे आणि घरी जाऊन जे दिसले ते सांगावे. त्यांचे उत्तर दोन दिवसांनी आले. पुढच्या बैठकीला मुलगा येणार आहे, आणि वडिलांनी त्याच्याजवळ एक प्रश्न लिहून दिला आहे: सही लहान होत चालली आहे, तर बँकेचे काय करायचे.